शाळेतील ब्रश : निवड आणि निगा

प्राथमिक शाळेचे कपाट उघडून चित्रकलेच्या साहित्याची पेटी बाहेर काढली असता तीतील ब्रशांची अवस्था बहुधा दोहोंपैकी एक आढळते. काही शाळांत ते नवे कोरे असतात. टोकावरची प्लास्टिकची टोपीही काढलेली नसते. परंतु ती काढून पाहावी तो आतले केस कसरीने खाल्लेले. दुसऱ्या काही शाळांत ते खराट्यासारखे फिसकटलेले असतात, केसांच्या मुळाशी निळा-तांबडा रंग दगडासारखा घट्ट बसलेला असतो आणि दांड्याचा वरचा लेप पाण्याने सुटून आलेला असतो. पहिल्या शाळेत साहित्य झिजेल या भीतीने ते मुलांच्या हाती गेलेच नाही. दुसऱ्या शाळेत ते गेले, पण परत घेताना कोणी पाहिले नाही. नोंदवहीत दोन्हीकडे ब्रशांची संख्या बरोबर असते आणि चित्र काढण्याजोगा ब्रश मात्र दोन्हीकडे एकही नसतो.

ही गोष्ट किरकोळ समजण्याचे कारण नाही. तिसरीतील एखादा मुलगा पिंपळाचे पान काढून त्याची कड रंगवावयास बसतो. हाती आलेल्या ब्रशाचे टोक दुभंगलेले असते. एक रेघ ओढावयास जावे तो दोन उमटतात, आणि त्या दोहोंमधली जागा भरावयास जावे तो रंग कडेबाहेर जातो. ब्रशात दोष असू शकतो हे त्या वयाच्या मुलाला ठाऊक नसते. आपला हातच वळत नाही, अशी त्याची समजूत होते. वर्ग मोठा असला आणि वेळ थोडा असला म्हणजे शिक्षकाच्या तोंडूनही कधी तसाच शब्द निघून जातो. असे चार-सहा तास गेले की मूल रंगाची पेटी आपण होऊन बाजूला सारते. ज्या मुलाच्या घरी रंग आणि ब्रश आहेत, त्याचे यात फारसे बिघडत नाही. ज्याला ते केवळ शाळेतच दिसतात, त्याचे मात्र बिघडते.

शाळेत ब्रशाची कामे पुष्कळ असतात. चित्रकलेचा तास हे त्यांतील एक. याशिवाय वर्गखोल्यांना चुना देणे, फळा काळा करणे, दारे-खिडक्यांना तेलरंग लावणे, भिंतीवर तक्ते व सुविचार रंगविणे ही कामे सुट्टीत किंवा राष्ट्रीय सणांच्या आधी निघतात. पुष्कळदा एकच ब्रश या सर्वांतून फिरतो, आणि पहिल्याच फेरीत निकामी होतो. दुकानदाराला विचारले तर तो "हलका की भारी" एवढेच विचारतो. शिक्षकाने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. तो असा की, ज्या रंगासाठी ब्रश हवा, तो रंग वाळतो कसा? याचे उत्तर मिळाले की ब्रश कोणत्या केसांचा घ्यावा, तो कशाने धुवावा व किती वेळात धुवावा, या तिन्ही गोष्टी आपोआप ठरतात.

रंग वाळतो म्हणजे काय होते

चित्रकलेच्या पेटीतील वड्यांचे जलरंग गोंदात घोटलेले असतात. कागदावर लावल्यावर त्यांतील पाणी उडून जाते, एवढेच. गोंद व रंगाची पूड मागे राहते. त्यावर पुन्हा पाणी पडले की गोंद विरघळतो आणि रंग सुटतो. म्हणून वडी वर्षभर वाळून पडली तरी ओल्या ब्रशाने जागी होते. आणि म्हणूनच ब्रशात वाळलेला जलरंगही थोडा वेळ पाण्यात भिजविल्यास निघून येतो. बाटलीतील पोस्टर रंगही बहुतांशी याच जातीचे.

चुन्याचे तसे नाही. विरलेला चुना भिंतीवर लावला म्हणजे तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो व त्याचा हळूहळू चुनखडीच्याच जातीचा कठीण पदार्थ बनतो. तो पाण्याने पुन्हा विरघळत नाही.

तेलरंगात तिसराच प्रकार घडतो. त्यात मिसळलेले टर्पेंटाइन प्रथम उडून जाते हे खरे. परंतु रंग कठीण होतो तो त्यातील तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन गोठते म्हणून. एकदा ते गोठले की टर्पेंटाइनमध्ये कितीही बुडवून ठेवले तरी ते पूर्वस्थितीला येत नाही. रात्रभर उघडा राहिलेला तेलरंगाचा ब्रश सकाळी टर्पेंटाइनने सुटत नाही, यात टर्पेंटाइनमधील भेसळीचा दोष नसतो.

चौथा प्रकार अलीकडे सर्वत्र वापरात आलेल्या इमल्शन व ॲक्रिलिक रंगांचा. यांत राळेसारख्या कृत्रिम पदार्थाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांस चिकटतात आणि रबरासारखा सलग पापुद्रा तयार होतो. ओला असेपर्यंत हा रंग साध्या पाण्याने धुतो. वाळला की पाण्याला दाद देत नाही. सर्वांत अधिक ब्रश याच रंगाने बिघडतात, कारण पाण्यात कालविता येतो म्हणून तो जलरंगासारखाच असावा, असे मुलांना आणि मोठ्यांनाही वाटते. पोस्टर रंगाची बाटली आणि ॲक्रिलिकची बाटली शेजारी ठेवली तर लेबल वाचल्याशिवाय फरक कळत नाही. तेव्हा रंग वाटण्यापूर्वी लेबल वाचावे.

केस व तंतू यांची ओळख

ब्रशाला मऊ केस लावण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील चित्रकलेच्या प्रकरणात वासराच्या कानातले केस लाखेने बसवून लेखणी करावी, असे सांगितले आहे. आणि ती जाड, मध्यम व बारीक अशी तीन प्रकारची असावी, असेही म्हटले आहे. आजही शाळेच्या पेटीला यापेक्षा अधिक प्रकारांची गरज नाही.

मऊ केसांच्या ब्रशावर पुष्कळदा 'कॅमल हेअर' असे छापलेले असते. उंटाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. उंटाचे केस लोकरीसारखे असल्याने त्यांना टोक धरवत नाही. या नावाखाली खारीचे, बकरीचे किंवा तट्टाचे केस विकले जातात. तेव्हा नावाला भुलून अधिक किंमत देऊ नये. मुंगसाच्या केसांविषयी मात्र इशारा देणे आवश्यक आहे. या केसांचे ब्रश पूर्वी आपल्या देशात फार नावाजले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मुंगसाला संरक्षण मिळालेले असून त्याच्या केसांच्या ब्रशांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. मधोमध फिकट आणि टोकाशी गडद असा पट्टेदार केस ही त्याची खूण. कोणी हलक्या आवाजात असा 'खास माल' दाखवू लागला तर शाळेने तो घेऊ नये. ज्या वर्गात परिसर अभ्यास शिकवावयाचा, त्याच वर्गात तसला ब्रश मुलांच्या हाती देणे शोभत नाही.

भिंतीच्या व दारांच्या रुंद चपट्या ब्रशात डुकराचे राठ केस असतात. या केसाचे टोक निसर्गतःच फाटलेले असते, म्हणून तो घट्ट रंगही धरून ठेवतो व सारखा पसरवितो. पाण्यात मात्र तो पाणी पिऊन लुळा पडतो. यास्तव तो तेलरंगासाठी उत्तम आणि पाण्याच्या रंगासाठी कनिष्ठ. काही कुटुंबांतील मुलांना धार्मिक कारणाने या केसाला हात लावणे अवघड वाटते. ते न विचारता ओळखून त्यांच्या हाती कृत्रिम तंतूंचा ब्रश द्यावा.

कृत्रिम तंतू म्हणजे नायलॉन व पॉलिएस्टर. नायलॉन १९३८ साली अमेरिकेत प्रथम बाजारात आले ते मोज्यांच्या रूपाने नव्हे, तर दात घासण्याच्या ब्रशाच्या रूपाने. हे तंतू पाणी फारसे पीत नाहीत, म्हणून इमल्शन व ॲक्रिलिकमध्ये ताठ राहतात. त्यांना कसर लागत नाही. मुलांच्या हातच्या ओढाताणीलाही ते अधिक टिकतात. जलरंगाचे भरपूर पाणी धरून ठेवण्यात ते मऊ केसांच्या मागे पडतात हे खरे, परंतु पहिली ते पाचवीच्या कामाला ही उणीव बाधत नाही. ग्रामीण शाळेने चित्रकलेसाठी कृत्रिम तंतूंचेच ब्रश घ्यावेत आणि मऊ केसांचे दोन-चार शिक्षकाच्या प्रात्यक्षिकासाठी ठेवावेत, हे सर्वांत सोयीचे.

केस खरा की कृत्रिम, हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. ब्रशातून एक केस उपटून शिक्षकाने स्वतः काडीच्या ज्योतीवर धरावा. प्राण्याचा केस चुरचुरत जळतो, केस जळाल्याचा ओळखीचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. कृत्रिम तंतू वितळतो व टोकाला कठीण मणी बनतो. पाचवीच्या वर्गात हा प्रयोग दाखविला तर मुले तो विसरत नाहीत.

खरेदीच्या वेळी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. गोल ब्रश असेल तर दुकानातच पाण्यात बुडवून एक झटका द्यावा. केस एकत्र येऊन आपोआप टोक धरले तर घ्यावा, दोन टोके झाली तर परत करावा. चपटा ब्रश तळहातावर दाबून सोडावा. केस लगेच सरळ झाले पाहिजेत, आणि हलकेच ओढल्यास चार-पाचांपेक्षा अधिक हाती येता कामा नयेत. तिसरी गोष्ट, चपट्या ब्रशाचे केस मधोमध फाकवून आत पाहावे. पत्र्याच्या नळीत केसांच्या मध्यभागी लाकडाची चीप असते. ती असावीच लागते, कारण त्या पोकळीत रंग साठतो. परंतु स्वस्त ब्रशात ती इतकी जाड असते की केस केवळ कडेला राहतात. बाहेरून ब्रश भरगच्च दिसतो, भिंतीवर मात्र ओरखडे उठतात.

चुना आणि तेलरंग

चुन्यासाठी प्राण्याच्या केसांचा ब्रश कधीही वापरू नये. कातडी कमावणारे लोक कातड्यावरील केस काढण्यासाठी ते चुन्याच्या पाण्यात भिजत घालतात, ही गोष्ट पुष्कळ शिक्षकांना ठाऊक असेल. जो चुना कातड्यावरचे केस सोडवितो, तो ब्रशातले केस कसे राखील? चुन्याला वनस्पतीच्या तंतूंचाच कुंचा पाहिजे. बाजारात मुंज गवताचा मिळतो. घायपाताच्या वाखाचा घरीही करता येतो, आणि किनारपट्टीवर केवड्याच्या झाडाची हवेत लोंबणारी मुळे तोडून, त्यांची टोके ठेचून कुंचे करण्याची रीत जुनी आहे. काम संपताच कुंचा भरपूर पाण्यात खळबळून, झटकून, टोक खाली करून टांगावा.

चुना देण्याचे काम मुलांकडून करवून घेऊ नये. चुन्याचा शिंतोडा डोळ्यांत गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. तसे कोणास झालेच तर डोळा चोळू न देता ताबडतोब स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे. वर हात करून छत रंगविणाऱ्या माणसाने कुंच्याच्या दांड्यात नारळाची अर्धी करवंटी किंवा पुठ्ठ्याची चकती अडकवावी, म्हणजे चुना हातावरून खाली ओघळत नाही.

दारांना व फळ्याला राठ केसांचा चपटा ब्रश घ्यावा. फळ्याला चार इंची, दाराच्या फळ्यांना दोन किंवा तीन इंची आणि खिडकीच्या गजांना एक इंची पुरतो. गजांसाठी मोठा ब्रश उभा धरून वापरण्याची सवय फार आढळते. तिने केस मधून दुभंगतात व तो ब्रश पुन्हा सपाट जागेच्या कामाचा राहत नाही. ब्रश रंगात केसांच्या निम्म्यापेक्षा अधिक बुडवू नये. वरचा रंग नळीत शिरतो, तेथे गोठतो आणि केसांना मुळाशी फाकवितो. ब्रश मरतो तो टोकाने नव्हे, मुळाने.

जुना तेलरंग खरवडताना एक सावधगिरी हवी. पूर्वीच्या पुष्कळ रंगांत शिसे असे. २०१६ साली केंद्र शासनाने नियम करून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले. तो नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगविलेली दारे पॉलिश कागदाने कोरडी घासली तर शिशाची धूळ वर्गात राहते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती घातक आहे. असे दार ओले करून घासावे, मुले सुट्टीवर असताना घासावे, आणि खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने उचलावा.

तेलरंगाचे काम एका दिवसात संपत नाही. रात्री ब्रश कसा ठेवावा, याची एक युक्ती रंगारी लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले आहेत. ते ब्रश पाण्यात बुडवून ठेवतात. तेलरंगाला पाणी कशाला, असे वाटेल. परंतु तेल गोठते ते हवेने, आणि पाणी हवेला अडविते. दांड्याला भोक पाडून त्यातून तार ओवावी व ती डब्याच्या काठांवर आडवी ठेवावी, म्हणजे केस पाण्यात बुडतात पण तळाला टेकत नाहीत. सकाळी पाणी झटकून, फडक्याने पुसून काम पुढे चालू करता येते. इमल्शनच्या ब्रशाला ही युक्ती लागू नाही. तो जेवणाच्या सुट्टीपुरता ओल्या फडक्यात गुंडाळावा आणि दिवसाअखेर धुवावाच.

काम संपल्यावर तेलरंगाचा ब्रश प्रथम रद्दी कागदावर पुसावा, मग थोड्या टर्पेंटाइनमध्ये दोन-तीनदा खळबळावा आणि शेवटी साबणाने धुवावा. पेट्रोल कधीही वापरू नये. वापरलेले टर्पेंटाइन फेकून न देता झाकणाच्या बाटलीत भरून ठेवावे. आठ दिवसांत रंग तळाशी बसतो व वरचे निवळ पुन्हा उपयोगी पडते. ते हातपंपाजवळ किंवा विहिरीच्या काठी ओतण्याचा अविचार कोणी करू नये. रंग पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाच्या तेलाने भिजलेले फडके वाळताना आपोआप तापते, आणि ढीग केलेला असेल तर ती उष्णता आतच कोंडून फडके पेट घेते. यासाठी काडी लागत नाही. फडकी बाहेर उन्हात एकेक पसरून वाळवावीत, मग पुरून टाकावीत.

भिंतीवर सुविचार लिहिणाऱ्यांसाठी एवढेच सांगणे पुरे की देवनागरी अक्षर चपट्या, तिरप्या टोकाचे आहे. बोरूला जसा तिरपा छेद देत, तसाच ब्रश चपटा घेऊन एका कोनात धरावा. गोल ब्रशाने अक्षर कोरून भरण्यात वेळ जातो आणि अक्षर सुजल्यासारखे दिसते.

चित्रकलेचा तास

आता मुख्य विषयाकडे वळू. ब्रशांचे क्रमांक दांड्यावर असतात. अंक लहान तसा ब्रश बारीक. परंतु हे क्रमांक प्रत्येक कारखान्याचे थोडे निराळे असतात, म्हणून मागणीपत्रात केवळ क्रमांक न लिहिता नमुना पाहून घ्यावे. लहान मुलांना बारीक ब्रश द्यावा, ही समजूत उलटी आहे. पहिली-दुसरीच्या मुलाची बोटे अजून सूक्ष्म हालचालीला सरावलेली नसतात. त्याला आठ किंवा दहा क्रमांकाचा ब्रश व मोठा कागद द्यावा. तिसरीपासून सहा क्रमांक, आणि बारीक रेघांसाठी दोन किंवा तीन क्रमांक चौथी-पाचवीत. चार मुलांच्या गटाला दोन मोठे व एक बारीक ब्रश असला तर तास चांगला चालतो. प्रत्येक मुलामागे एक ब्रश नाही म्हणून तास न घेणे योग्य नव्हे.

पहिलीच्या वर्गात एक सोपी व्यवस्था फार उपयोगी पडते. प्रत्येक रंगाच्या वाटीला एकच ब्रश नेमून द्यावा. पिवळ्याचा पिवळ्यात, निळ्याचा निळ्यात. मुलांनी वाट्या बदलाव्यात, ब्रश नव्हे. यामुळे रंग मळत नाहीत आणि ब्रश दर मिनिटाला धुवावा लागत नाही. मोठ्या मुलांच्या गटाला पाण्याची दोन भांडी द्यावीत. एकात धुणे, दुसऱ्यात निवळ पाणी घेणे. नारळाच्या करवंट्या यासाठी चांगल्या, फक्त त्या कलंडू नयेत म्हणून सुंभाच्या चुंबळीवर ठेवाव्यात.

मुले ब्रशावर तीन अत्याचार करतात. वडीवर ब्रश उभा धरून घुसळतात, त्याने केस मोडतात. वडीवर आधी दोन थेंब पाणी टाकून पाच मिनिटे थांबावे, म्हणजे ती मऊ होते व घुसळावी लागत नाही. बाटलीतील रंग कालविण्यासाठी काडी द्यावी. दुसरे म्हणजे ब्रश भांड्यात केसांवर उभा सोडून खेळावयास पळतात. अर्ध्या तासात टोक वाकते आणि वाकलेले टोक पुष्कळदा सरळ होतच नाही. तिसरी खोड अशी की टोक आणण्यासाठी ब्रश ओठांत धरतात. ही खोड पहिल्याच दिवशी मोडावी. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज या गावी १९१७ च्या सुमारास घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगविणाऱ्या मुलींना ब्रशाचे टोक ओठांनी करावयास शिकविले होते. त्यांतील कित्येकींचे जबडे झिजले आणि कित्येकी दगावल्या. शाळेच्या रंगात रेडियम नसते हे खरे. परंतु सर्व रंग पोटात जाण्याजोगे नसतात, आणि एक ब्रश चार ओठांतून फिरणे हेही बरे नव्हे. टोक करावयाचे ते भांड्याच्या काठावर ब्रश फिरवीत ओढून.

तासाची शेवटची दहा मिनिटे धुण्यासाठी राखून ठेवावीत. घंटा झाल्यावर धुऊ, असे म्हणणाऱ्या वर्गात ब्रश धुतले जात नाहीत. प्रथम साधे पाणी, मग तळहातावर अंगाच्या साबणाचा फेस करून त्यात ब्रश गोल फिरवावा. बोटांनी नळीपासून टोकाकडे दाबीत रंग बाहेर काढावा. फेस पांढरा येईपर्यंत हे चालू ठेवावे. धुण्याचा सोडा वापरू नये. चुन्याने केसांचे जे होते, तेच सोड्याने थोड्या सावकाशीने होते. कढत पाणीही नको, त्याने नळीतील चिकटण सुटते. शेवटी पाणी झटकून ओल्या केसांना बोटांनी मूळ आकार द्यावा. हे काम आळीपाळीने दोन मुलांकडे सोपवावे आणि त्यांना धुतलेले ब्रश मोजून घ्यावयास सांगावे. एका द्विशिक्षकी शाळेत या कामासाठी मुलांनी आपणहून 'ब्रशमंत्री' नेमला होता, आणि तो दुसरीतला मुलगा चौथीच्या मुलांचे ब्रश फेस पांढरा नसल्याबद्दल परत पाठवीत असे.

ओला ब्रश टोक वर करून उभा ठेवला तर पाणी उतरून नळीत शिरते, दांडा फुगतो आणि वाळल्यावर सैल होऊन निघतो. म्हणून तो आडवा वाळवावा किंवा टोक खाली करून टांगावा. भिंतीला दोन खिळ्यांवर सुतळी ताणून कपडे वाळविण्याच्या चिमट्यांनी ब्रश लटकवावेत. पूर्ण कोरडा झाल्यावर मात्र टोक वर करून डब्यात उभा ठेवावयास हरकत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात व घाटमाथ्यावर, ओलसर ब्रश डब्यात बंद केले तर आठवड्यात बुरशी धरते; तेथे जाळीचा किंवा उघडा डबाच बरा.

उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी केसांचे सर्व ब्रश धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून, वर्तमानपत्राच्या कागदात एकेक गुंडाळावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची जुनी पद्धत चांगली आहे. डांबराच्या गोळ्या अधिक परिणामकारक, परंतु त्या मुलांना गोळीसारख्या वाटतात व पोटात गेल्यास विषारी असतात; त्या वापरल्या तर डबा कुलपात असावा. सर्वांत खात्रीचा उपाय असा की ब्रश वारंवार वापरात असावेत. जो ब्रश दर आठवड्याला पाण्यात जातो, त्याला कसर लागत नाही.

ब्रश नसताना

डहाणू व जव्हार भागातील वारली चित्रकाराला दुकानातला ब्रश लागत नाही. बांबूची बारीक काडी घेऊन तो तिचे टोक दातांनी चावतो. तंतू सुटून त्याचा ब्रश होतो. गेरूने सारविलेल्या भिंतीवर गोंद मिसळलेल्या तांदळाच्या पिठाने त्याच काडीने लग्नाचा चौक लिहिला जातो. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे देशोदेशी गेली व २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते २०१८ मध्ये निवर्तले. त्यांच्या कलेचे मूळ या काडीत होते, हे मुलांना अवश्य सांगावे.

शाळेत चावण्याऐवजी टोक दगडावर ठेचावे व पाण्यात भिजवून तंतू मोकळे करावेत. बाभळीची किंवा निंबाची दातवणाची काडी, घायपाताचे पान, शिंदीच्या फांदीचा बुंधा यांचे ब्रश निरनिराळे होतात. कार्यानुभवाच्या दोन तासांत प्रत्येक मुलाचा एक ब्रश तयार होतो. काडीच्या ब्रशाने सपाट रंग भरत नाही, पण ठिपका, रेघ व त्रिकोण उत्तम उठतात. कोणता ब्रश कशाला चांगला, हे ज्या मुलाने आपल्या हाताने करून पाहिले, त्याला दुकानातील ब्रशाची निगा वेगळी शिकवावी लागत नाही.

राहता राहिला नोंदीचा प्रश्न. ब्रश हे झिजणारे साहित्य आहे. ते वापराने संपले तर मुख्याध्यापकांना दोष देण्याचे कारण नाही. न वापरता कसरीने गेले तर आहे. साठा नोंदवहीत आणल्याचा दिनांक, केसांचा प्रकार व कोणत्या रंगासाठी, असे तीन रकाने घालावेत. दांड्यावर तेलरंगासाठी तांबडी, पाण्याच्या रंगासाठी निळी व चुन्यासाठी पांढरी पट्टी रंगवावी, म्हणजे नव्याने आलेल्या शिक्षकालाही विचारावे लागत नाही. टोक गेलेला गोल ब्रश कापून आखूड केल्यास ठोकळाछपाई व जाळीकामाला येतो. मऊ केसांचा जुना ब्रश पृथ्वीगोलावरील व तराजूवरील धूळ झाडावयास ठेवावा. ज्यातून काहीच निघण्यासारखे नाही, त्याचे वर्षअखेर रीतसर निर्लेखन करून घ्यावे आणि तो कपाटातून काढून टाकावा. नाही तर पुढच्या तासाला तोच कोणा मुलाच्या हाती पडतो.